बारांतली एक

अहिल्यानगर जिल्ह्यातून विधानसभेवर बारा आमदार जातात. ऑक्टोबर २०१४ च्या निवडणुकीत या बारांत दोन महिला होत्या. कोपरगावातून स्नेहलता कोल्हे आणि शेवगाव-पाथर्डीतून मोनिका राजळे, दोघीही भारतीय जनता पक्षाच्या. २०१९ मध्ये दोघींपैकी एकच परतली. २०२४ मध्येही बारांत एकच महिला होती, आणि ती तीच, मोनिका राजळे. ज्या जिल्ह्यात निवडणूक म्हणजे कारखाना, बँक, दूध संघ आणि सोयरीक यांची एकत्र बेरीज असते, तिथे एका स्त्रीने सलग तीनदा आमदारकी राखली. हे यश पक्षाच्या लाटेच्या खात्यावर टाकून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये याच जिल्ह्यात प्रवरानगरला उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कामाने शेतकऱ्याला सावकारापासून सोडवलं आणि जिल्ह्याला समृद्ध केलं. पण त्याच कामातून सत्तेची एक वाटही पडली. आधी कारखान्याचं संचालकपद, मग अध्यक्षपद, मग विधानसभा. सभासदाचा शेअर बहुधा पुरुषाच्या नावावर, त्यामुळे संचालक मंडळही पुरुषांचं. नगरकर ज्याला ‘सोधा पक्ष’ म्हणतात, म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांचा पक्ष, तो सगळ्या पक्षांच्या वर बसलेला. त्या नात्यांच्या जाळ्यात बाई सगळीकडे असते. ती अमक्याची लेक, तमक्याची सून, दोन घराणी जोडणारा दुवा. उमेदवार म्हणून मात्र तिचं नाव क्वचितच निघतं.

मोनिकाताईंचं सासर पाथर्डी तालुक्यातलं कासार पिंपळगाव. सासरे आप्पासाहेब राजळे माजी आमदार, आदिनाथनगरचा वृद्धेश्वर कारखाना घराण्याच्या नेतृत्वाखालचा. पती राजीव राजळे २००४ मध्ये काँग्रेसतर्फे पाथर्डीचे आमदार झाले. मे २०१४ मध्ये ते राष्ट्रवादीच्या तिकिटावर नगरमधून लोकसभा लढले आणि भाजपच्या दिलीप गांधींकडून हरले. पाचच महिन्यांनी त्यांच्या पत्नी त्याच भाजपच्या उमेदवार म्हणून विधानसभेत पोचल्या. समोर होते चंद्रशेखर घुले, म्हणजे भेंड्याच्या ज्ञानेश्वर कारखान्याचं बळ. इथवरची गोष्ट घराण्याची आहे, हे मान्य करायला हरकत नाही. जिल्हा परिषदेतल्या कामाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, तरी तिकीट राजळे या आडनावाला मिळालं होतं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये राजीव राजळे यांचं अकाली निधन झालं. पुढची निवडणूक दोन वर्षांवर होती. नवऱ्याच्या मागे आमदारकी टिकेल का, ही कुजबुज आपल्याकडे बाईच्याच वाट्याला येते. २०१९ मध्ये समोर प्रताप ढाकणे होते. त्यांचे वडील बबनराव ढाकणे म्हणजे पाथर्डीच्या दुष्काळी माणसाचा आवाज दिल्लीपर्यंत नेलेलं नाव. मोनिकाताई जिंकल्या. २०२४ मध्ये ढाकणे आणि घुले दोघेही मैदानात उतरले, तरीही जिंकल्या. माझ्या लेखी त्यांची खरी कारकीर्द या दोन निवडणुकांची आहे. पहिली निवडणूक घर जिंकून देतं. दुसरी आणि तिसरी जिंकायला गावोगावचा माणूस बांधून ठेवावा लागतो.

हा मतदारसंघ सोपाही नाही. शेवगावच्या बाजूला जायकवाडीचं पाणी पसरलेलं, आणि पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या घरदार उचलून निघतात. भगवानगड, मोहटादेवी, मढी ही श्रद्धास्थानं पाथर्डी तालुक्यात आहेत आणि त्यांचं राजकीय वजनही मोठं आहे. ताजनापूर उपसा सिंचन योजनेचं पाणी हा इथला पिढ्यांचा प्रश्न. तीनदा निवडून आलेल्या या आमदाराला २०२४ पर्यंत एकदाही मंत्रिपद मिळालं नाही.

कोपरगावची कथा याहून कडू आहे. तिथे कोल्हे आणि काळे या दोन घराण्यांत दोन पिढ्यांची लढत. स्नेहलताताई या मंत्री राहिलेल्या शंकरराव कोल्हे यांच्या सूनबाई. २०१४ मध्ये त्यांनी आशुतोष काळे यांना हरवलं आणि कोपरगावच्या पहिल्या महिला आमदार झाल्या. गोदावरी गावाला लागून वाहते, पण नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, हे कोपरगावचं जुनं दुखणं. वरच्या धरणांतलं पाणी समन्यायी वाटपाच्या २००५ च्या कायद्याने जायकवाडीकडे सोडावं लागतं, तेव्हा गोदावरीच्या कालव्यांवरचा शेतकरी होरपळतो. हंड्याचा प्रश्न बाईला फाईल वाचून कळावा लागत नाही. निळवंडे धरणाचं पाणी शहराला मिळावं यासाठी त्यांनी आग्रह धरला. २०१९ मध्ये त्या ८२२ मतांनी पडल्या. २०२४ मध्ये महायुतीच्या वाटपात जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे, म्हणजे आशुतोष काळे यांच्याकडे गेली, आणि स्नेहलताताईंना लढताच आलं नाही. ८२२ मतांनी हरलेल्या पुरुषाचा दावा इतक्या सहज बाजूला सारला गेला असता का, हे ज्याने त्याने ठरवावं.

तुलनेसाठी ऑस्ट्रेलिया घेऊ. १९२१ मध्ये तिथल्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यात एडिथ कोवन या त्या देशातल्या कुठल्याही विधिमंडळावर निवडून गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मालमत्तेच्या अटीवर स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. म्हणजे सुरुवातीला आपण फार मागे नव्हतो. खानदेशात प्रतिभा पाटील १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाल्या आणि १९७९ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये कारमेन लॉरेन्स आणि जोन कर्नर या दोघी राज्यांच्या मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्राला महिला मुख्यमंत्री अजून मिळालेली नाही. २०२४ मध्ये २८८ जणांच्या विधानसभेत २१ महिला निवडून आल्या, आधीच्या खेपेपेक्षा तीन कमी.

बाया तयार नाहीत, हे कारण नगरला तरी लागू पडत नाही. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदी २०१४ पासून मंजूषा गुंड, शालिनीताई विखे पाटील आणि राजश्री घुले अशा सलग तीन महिला बसल्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासक येईपर्यंत जिल्ह्याच्या शाळा, दवाखाने, रस्ते यांचा कारभार महिलांच्या हातात होता. निम्म्या जागा राखीव झाल्याने पंचायतीत शेकडो जणी तयार झाल्या. पण जिथे आरक्षण संपतं तिथेच त्यांची वाटही संपते. २०२४ मध्ये पारनेरला राणी लंके सुमारे दीड हजार मतांनी हरल्या. शिर्डीत प्रभावती घोगरे राधाकृष्ण विखे पाटलांसारख्या मातब्बराविरुद्ध उभ्या ठाकल्या, श्रीगोंद्यात अनुराधा नागवडे लढल्या. त्याच श्रीगोंद्यात भाजपने आधी प्रतिभा पाचपुते यांचं नाव जाहीर केलं आणि मग उमेदवारी त्यांच्या मुलाकडे गेली. लोकसभेवर तर या जिल्ह्याने आजवर एकही महिला पाठवलेली नाही. चौंडीच्या लेकीचं, अहिल्यादेवी होळकरांचं नाव आपण ज्या जिल्ह्याला दिलं, तो जिल्हा हाच.

सप्टेंबर २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवल्या आहेत. पण अंमल जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेला आहे. बारांच्या हिशेबाने चार जागा होतात. त्या आल्या की पुन्हा घरातल्याच सुना-लेकी शोधल्या जातील, हा धोका आहे. म्हणून नगरकर वाचकांना एक विनंती. आपल्या गटात, गणात चांगलं काम केलेल्या सदस्या आणि सरपंच बाया तुम्हाला ठाऊक आहेत. पुढच्या विधानसभेच्या याद्या ठरण्याआधी त्यांची नावं आपापल्या पक्षाच्या तालुकाध्यक्षाकडे लेखी द्या, आणि उमेदवारी जाहीर होईपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका.