गाडीतला आवाज : क्रॉसओव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायर

क्रॉसओव्हर : वारंवारतेनुसार आवाजाची विभागणी करणारे सर्किट. सबवूफरला साधारण ८० हर्ट्‌झच्या खालचा, दारातल्या स्पीकरना त्यावरचा आणि ट्वीटरला सुमारे ३,००० हर्ट्‌झच्या पुढचा आवाज मिळतो. कॉइल-कपॅसिटरचा पॅसिव्ह क्रॉसओव्हर अ‍ॅम्प्लिफायरनंतर बसतो. अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर त्याआधी बसतो. त्यात सीमा हवी तशी बदलता येते, मात्र प्रत्येक भागाला स्वतंत्र चॅनेल लागते.

अ‍ॅम्प्लिफायर : खोक्यावरचा ‘पीक’ आकडा सोडून आरएमएस वॅट पाहावेत, ते स्पीकरच्या आरएमएस क्षमतेच्या आसपास असावेत. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहम होतो. तो अ‍ॅम्प्लिफायरला पेलायला हवा. दारांसाठी चार चॅनेलचा आणि सबवूफरसाठी क्लास-डी मोनो ही रूढ जोडी.

वीज : ५०० वॅट आरएमएसचा, ८० टक्के कार्यक्षम अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने चालताना १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर ओढतो. म्हणून तांब्याची जाड केबल आणि बॅटरीलगत फ्यूज आवश्यक.

मर्यादा : दाट वस्तीत कायदाही ध्यानात घ्यावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची पातळी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलपर्यंतच असावी.