राजाश्रय आणि सातव्या वर्षाआधीचे मूल

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका वस्तीत आम्ही गेलो होतो. आईवडील कारखान्यात आणि वर्षा-दीड वर्षाची बाळे मोठ्या बहिणींच्या कडेवर, असे चित्र घरोघरी होते. ‘पहिलीत गेला की शिकेलच,’ असे एक बाप आम्हाला म्हणाला.

हीच समजूत एकेकाळी राजदरबारातही होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात लागू झाला. देशात हे पाऊल फार पुढचे होते. पण सक्ती सातव्या वर्षापासून होती. त्याआधीचे मूल घरावर सोपवलेले होते.

आज आपल्याला काय ठाऊक आहे? जन्मतः मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या सुमारे पाव असते, तर सहाव्या वर्षापर्यंत ते सुमारे नव्वद टक्क्यांवर पोचते. चेतापेशींमधील जे जोड वापरात राहतात ते पक्के होतात, न वापरलेले गळतात. बाळ हुंकार देते, मोठे माणूस त्याला उत्तर देते. या देवाणघेवाणीतूनच ते जोड वापरात राहतात. म्हणजे शाळेची घंटा होण्यापूर्वीच बरेच काही घडून गेलेले असते.

ताराबाई मोडकांनी हे ओळखून १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाड्या सरकारी झाल्या.

आता राजघराण्याचे लक्षही या वयाकडे वळले आहे. ब्रिटनच्या कॅथरिन यांनी २०२१ मध्ये बालपणाच्या पहिल्या वर्षांसाठी एक केंद्र स्थापन केले. त्याच्या मदतीने २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांना बाळाचे निरीक्षण करण्याची एक पद्धत शिकवून पाहण्यात आली. ही पद्धत मूळची फ्रान्समधली. त्यात बाळाच्या पाच गोष्टी पाहायच्या: चेहऱ्यावरचे भाव, नजरेला नजर, आवाज काढणे, हालचाल आणि समोरच्या माणसाशी जुळणारे नाते. बाळ सतत गप्प किंवा अलिप्त असेल तर ते वेळीच ध्यानात यावे, हा हेतू.

अशा दानाचे मोल किती? राजघराण्याचे नाव लोकांचे लक्ष वेधते, एखादी पद्धत पारखून घ्यायला पैसा देते. पण दारात रोज जाणारी परिचारिका दान पुरवू शकत नाही. इंग्लंडमध्ये ती सरकारी आरोग्यसेवेत आधीच होती, म्हणूनच प्रयोग करता आला. आपल्याकडे तिची जागा अंगणवाडीताई आणि आशाताई यांची आहे.

शिक्षकांना यासाठी राजाश्रयाची वाट पाहायला नको. बाळाला कडेवर घेणारी बहीण पुष्कळदा आपल्याच वर्गात असते. ‘बाळाशी बोल, त्याने आवाज काढला की उत्तर दे,’ एवढे तिला सांगावे. बाळ नजरच देत नसेल तर अंगणवाडीताईंना कळवावे. पहिलीत येणाऱ्या मुलाची तयारी तिथूनच सुरू होते.