मेवाडांतील जावरच्या पडीक खाणी : शोध व छायाचित्रण

उदयपुराच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर अरवलीच्या रांगांत, टिडी नदीच्या कांठीं, जावर नांवाचें जुनें गांव आहे. भोंवतालच्या टेकड्यांस मोचिया मगरा, बलारिया, बरोई, जावरमाला अशीं नांवें आहेत. मगरा म्हणजे त्या बाजूच्या बोलींत डोंगर. या टेकड्यांच्या पोटांत शिसें व जस्त यांचे धातुपाषाण असून ते काढण्यासाठीं पूर्वींच्या लोकांनीं खणलेलीं विवरें, चर व भुयारें जागोजाग आढळतात. कांहीं भुयारांतील लांकडांची किरणोत्सर्गी कर्बाच्या पद्धतीनें परीक्षा झाली तेव्हां त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धापर्यंत मागें गेला. तेव्हांच्या खाणकऱ्यांनीं लेख कोरून ठेविले नाहींत. त्यांनीं मागें ठेविलें तें विवरच.

अशीं विवरें कशीं हुडकावीं, त्यांच्या भिंती कशा वाचाव्या व त्यांची छायाचित्ररूप नक्कल कशी करावी, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. पोथ्या व कागद जमविणाऱ्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु जावरच्या बाबतींत पोथी आणि खाण यांची गांठ अशी कांहीं पडली आहे कीं, एक सोडून दुसरीचा अर्थ पुरता लागत नाहीं.

पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथावलींत छापलेला रसरत्नसमुच्चय हा ग्रंथ पुष्कळांच्या संग्रहीं असेल. तो वाग्भटाच्या नांवावर मोडतो व साधारणतः इ. स. च्या १३ व्या शतकांतील मानिला जातो. त्यांत खर्पराचें, म्हणजे जस्ताच्या पाषाणाचें, सत्त्व काढण्याकरितां वृंताकमूषा नांवाची मूस सांगितली आहे. तिचा आकार वांग्यासारखा, तिला बारा अंगुळें लांबीची नळी, आणि नळीचें तोंड धोत्र्याच्या फुलासारखें पसरट. ज्वाला निळी असतां पांढरी झाली म्हणजे सत्त्व सुटूं लागलें असें समजावें व तें वंगासारखें दिसतें, असेंहि तेथें म्हटलें आहे. हें वर्णन वाचून एकाद्यास तो ग्रंथकाराचा कल्पनाविलास वाटल्यास त्याला दोष देतां येणार नाहीं.

पण जावरच्या टेकड्यांच्या पायथ्याशीं वापरून टाकलेल्या अशाच मातीच्या मुशांचे ढीगच्या ढीग पडलेले आहेत. आकार वांग्याचा, पुढें लांब नळी. जुन्या जावरांतील घरांच्या भिंतींत विटांऐवजीं याच मुशा मातींत बसविलेल्या दिसतात. इ. स. १९८३ मध्यें ब्रिटिश म्यूझियम, बडोद्याचें महाराज सयाजीराव विश्वविद्यालय व हिंदुस्थान झिंक यांच्या संयुक्त उत्खननांत एका ओळींत सात भट्ट्या सांपडल्या. प्रत्येकींत ३६ मुशा उलट्या मांडण्याची सोय होती. वरच्या कोठींत अग्नि, मध्यें भोंकांची विटेची ताटली, खालीं थंड कोठी. जस्त ९०७ अंशांवरच उकळून वाफ होऊन जातें व मोकळ्या हवेंत त्याची राख होते. म्हणून वाफ नळीवाटे खालीं उतरवून तेथेंच थिजविणें भाग होतें. उलट्या मुशेंतील माल गळूं नये म्हणून नळींतून एक काठी आंत घालीत. ती जळून गेल्यावर तिचीच वाट वाफेस मिळे. ही कृति जावरास १२ व्या शतकाच्या सुमारास रूढ झालेली दिसते. इंग्लंडांत ब्रिस्टल येथील विल्यम चॅम्पियन यानें खालीं उतरविण्याच्याच पद्धतीचा परवाना इ. स. १७३८ मध्यें मिळविला.

आतां शोधाविषयीं. उघडें तोंड दिसण्यापूर्वीं त्याचा कचरा दिसतो. खाणींतून काढून फेंकलेला खडीचा ढीग डोंगराच्या उतारावर पंख्यासारखा पसरतो. त्याच्या माथ्याशीं विवर असावयाचें, मग तें बुजलेलें असलें तरी चालेल. धातूच्या शिरेच्या माथ्यावरचा खडक गंजून तांबूस-तपकिरी होतो, तीहि एक खूण. खळगे एका रेषेंत आढळले तर ती रेषा शिरेचीच असण्याचा संभव मोठा. सकाळचें किंवा सायंकाळचें तिरपें ऊन यासाठीं उत्तम. दुपारीं सर्व उतार सपाट दिसतो. हिंवाळ्यांत पहांटे विवरांतून ऊबदार हवा वर येऊन धुक्यासारखी दिसते, आणि तिन्हीसांजेस वटवाघळें कोठून बाहेर पडतात हें पाहिल्यास निम्मा शोध झाला. गुराख्यांस विचारण्यास तर कधींच संकोचूं नये.

सांपडलेल्या विवरांत मात्र उतरूं नये. आंत प्राणवायु अपुरा असतो, जुनीं लांकडें कुजलेलीं असतात, आणि पायाखालची भुई म्हणजे खालच्या पोकळीवर सांचलेला गाळ असूं शकतो. शिवाय तेथें आजहि खाणी चालू आहेत, तेव्हां परवानगीवांचून जाणें योग्यहि नाहीं. काठावरून जें दिसतें तेंच पुष्कळ असतें.

काय दिसतें? खडकाला आग लावून तो तडकविण्याची रीत प्राचीन आहे. अशा कामाच्या भिंती कमानदार, खोलगट व गुळगुळीत असतात आणि खडकाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. छिन्नीच्या कामांत समांतर ओरखडे राहतात. भिंतींत अर्धी चिरलेली गोल नळी दिसली तर तेथें भोंक पाडून सुरुंग लाविला होता, आणि तेवढें काम अलीकडील आहे. एकाच विवरांत या तिन्ही खुणा असूं शकतात. जुन्या कागदावर वेगवेगळ्या हातांचीं अक्षरें असावीं तसेंच हें. छताच्या काजळीवर मात्र विसंबूं नये. ती मागाहून आलेल्या धनगराच्या चुलीचीहि असेल. लांकडाचा कालनिर्णयहि सावधपणें घ्यावा, कारण त्या परीक्षेनें झाड केव्हांचें तें कळतें, तें भुयारांत केव्हां बसविलें तें कळत नाहीं.

छायाचित्र घ्यावयाचें तें शोभेसाठीं नव्हे. प्रस्तुत लेखकानें आपल्या पहिल्या खेपेस घेतलेलीं चित्रें पाहणाऱ्यांस फार आवडलीं. काळें विवर, कडेला गवत, वर आकाश. पुढें टिपण लिहावयास बसल्यावर तें तोंड हातभर आहे कीं पुरुषभर हें एकाहि चित्रावरून सांगतां येईना, व कोणतें चित्र कोणत्या टेकडीचें तेंहि स्मरेना. तीं सर्व निरुपयोगी ठरलीं. तेव्हांपासून प्रत्येक चित्रांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी व उत्तर दिशा दाखविणारा बाण ठेवण्याचा नेम केला आहे. प्रथम दुरून सबंध उताराचें चित्र, मग तोंडाचें, मग भिंतीचें. वहींत अनुक्रमांक, तारीख, वेळ व कॅमेऱ्याचें तोंड कोणीकडे होतें तें. भिंतीचें चित्र घेतांना दिवा कॅमेऱ्यावर न ठेवितां एका बाजूस हातभर दूर धरावा. समोरच्या झोतानें ओरखडे पुसून जातात, आडव्या झोतानें उठून दिसतात. झिजलेला शिलालेख वाचतांना आपण हेंच करितों. एकमेकांवर थोडीं चढणारीं चित्रें ओळीनें घेतल्यास हल्लीं गणकयंत्राच्या साह्यानें विवराची तिन्ही मापांची आकृति जुळवितां येते. मुशेचा तुकडा उचलून घरीं आणण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो आवरावा, कारण जागेवरून हललेला तुकडा म्हणजे रुमालांतून सुटलेला बिनतारखेचा कागद होय.

जावरच्या लेखी साधनांत महाराणा कुंभाची कन्या रमाबाई हिच्या तेथील मंदिराचा व कुंडाचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. हें बांधकाम १५ व्या शतकाच्या अखेरचें. खाणींचा शोध राणा लाखाच्या कारकीर्दींत, म्हणजे १४ व्या शतकाच्या उत्तरार्धांत, लागला असें कर्नल टॉड लिहितो. परंतु वर सांगितलेलीं लांकडें त्याहून फार जुनीं आहेत, तेव्हां लाखाच्या वेळीं पडीक खाणींचा पुनरुद्धार झाला असें म्हणणें अधिक सयुक्तिक. टॉड या खाणींस कथलाच्या व रुप्याच्या म्हणतो. जावरास कथील नाहीं. तें जस्त होय. सत्त्व वंगासारखें दिसतें हें पोथींतील वाक्य येथें आठवावें. जेथें पोथीकार सादृश्य सांगून थांबला तेथें टॉडनें एकरूपता मानली.

खाणी बंद कां पडल्या हा प्रश्न आपल्याशीं निगडित आहे. मराठ्यांच्या धामधुमीनें हा धंदा बुडाला असें विधान वारंवार केलेलें आढळतें. इ. स. १७३६ त बाजीराव उदयपुरास गेले तेव्हांपासून मेवाडावर वार्षिक खंडणी बसली, आणि १७६९ च्या उदयपूरच्या वेढ्यानंतर महादजी शिंद्यांशीं झालेल्या तहांत राहिलेल्या रकमेपोटीं कांहीं परगणे गहाण पडले, हें खरें. उलट, खाणींचें काम इ. स. १८१२–१३ च्या दुष्काळापर्यंत चालू असल्याची नोंद गॅझेटियरांत आहे. म्हणजे पाऊणशें वर्षें खंडणी देऊनहि काम पुरतें थांबलें नव्हतें. मराठ्यांस यांतून दोषमुक्त करावें असा लेखकाचा आग्रह नाहीं. खंडणीचा भार शेवटीं खाणकऱ्यांवर व भट्टीवाल्यांवर पडला नसेल असें कोण म्हणेल? परंतु निकाल कागदांवरून व्हावा, समजुतीवरून नव्हे.

कागद पाहतांना मात्र एक जपावें. गहाण पडलेल्या परगण्यांत जीरण, नीमच व मोरवण यांबरोबर जावद आहे. तें नीमचजवळचें गांव, आणि खाणींचें जावर तें निराळें. माळव्यांतील जावरा हें आणखी तिसरें. घाईंत लिहिलेल्या मोडी जमाखर्चांत एका अक्षरानें हीं तिन्ही एकमेकांत मिसळतात. नांवाशेजारीं जस्त, शिसें किंवा खाणीच्या महसुलाचा शब्द असेल तरच जावर वाचावें.

नव्या खाणकामास जुन्या विवरांचा माग उपयोगी पडतो आणि त्याच कामांत तीं विवरें नाहींशींहि होतात. ज्या भिंतीचें चित्र आज घेतां येतें ती पुढच्या खेपेस असेलच असा भरंवसा नाहीं. ज्यांच्या संग्रहीं मेवाडच्या खंडणीचे किंवा गहाण परगण्यांच्या वसुलीचे कागद असतील त्यांनीं त्यांत जस्ताचा उल्लेख आहे कीं काय तें पाहावें, आणि आढळल्यास मूळ अक्षरांच्या छायाचित्रासह त्रैमासिकाकडे पाठवावा. रसरत्नसमुच्चयाच्या हस्तलिखितांत वृंताकमूषेच्या श्लोकांशेजारीं समासांत आकृति काढलेली असेल, तर तिचेंहि चित्र, शेजारीं मोजपट्टी ठेवून, अवश्य घ्यावें.