एकदां स्नान, नित्य पादप्रक्षालन

येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाची हकीकत योहानाच्या शुभवर्तमानांत तेराव्या अध्यायीं आली आहे. भोजन चालू असतां येशू उठला, कमरेस रुमाल बांधून त्यानें गंगाळांत पाणी घेतलें आणि तो शिष्यांचे पाय धुऊं लागला. गुरूनें आपले पाय धुवावे हें पेत्राला रुचेना. पुढें समजूत पटतांच तो दुसऱ्या टोकाला गेला व हात आणि डोकेंहि धुण्याचा आग्रह करूं लागला. तेव्हां ज्याचें स्नान झालें आहे त्याचे पाय तेवढे धुतले म्हणजे पुरे, अशा अर्थाचें उत्तर त्याला मिळालें.

श्रोतेहो, बाहेरून आल्यावर घरांत पाऊल टाकण्यापूर्वीं पाय धुण्याची रीत आपल्याकडे जुनी असल्यामुळें हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाहीं. स्नान एकदां, वाटेची धूळ मात्र रोजची. ख्रिस्ती धर्मशास्त्र, विशेषतः प्रॉटेस्टंट पंथांचें, या दोहोंत भेद करतें. देवाच्या कृपेनें पापांची क्षमा होऊन मनुष्य नीतिमान ठरतो, ही पहिली गोष्ट. त्यानंतर जन्मभर त्याचा स्वभाव पालटत जातो, तें पवित्रीकरण. ही पूर्णता याच आयुष्यांत येऊं शकते असें जॉन वेस्ली शिकवी. ल्यूथरच्या मतें विश्वास ठेवणारा मनुष्य अखेरपर्यंत नीतिमान आणि पापी असा दोन्ही असतो. त्या वादांत शिरण्यापेक्षां एक मनुष्यच आपणांसमोर उभा करतों.

जॉन न्यूटन (गुरुत्वाकर्षणाचा न्यूटन तो निराळा) १७२५ सालीं लंडनमध्यें जन्मला. १७४८ च्या मार्चमध्यें अटलांटिक महासागरांत त्याचें जहाज वादळांत सांपडलें. खलाशांतहि निंदक आणि शिवराळ म्हणून गाजलेल्या या तरुणानें त्या वेळीं देवाची करुणा भाकली, आणि पुढें जन्मभर तो दिवस पाळला. प्रवचनांत ही कथा बहुधा येथेंच संपते. पण १७५० पासून १७५४ पर्यंत हाच न्यूटन गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर कप्तान होता. रविवारीं तो खलाशांना जमवून प्रार्थना चालवी. खालीं बेड्या घातलेले आफ्रिकन लोक कोंबलेले असत. बंडाचा संशय येतांच कांहीं मुलांच्या आंगठ्यांना चाप लावून कबुली काढल्याची नोंद त्याच्याच रोजनिशींत आहे. १७५४ मध्यें त्यानें समुद्र सोडला, पण तो आजारामुळें.

हें ढोंग होतें काय? मला तसें वाटत नाहीं. त्याची शिवराळ जीभ सुटली होती, प्रार्थना खरी होती. जी धूळ त्याला दिसत होती ती तो धूत होता. हा व्यापार म्हणजेच धूळ आहे हें मात्र त्याला दिसेना, कारण भोंवतालच्या प्रतिष्ठित समाजालाहि तें दिसत नव्हतें. १७६४ मध्यें तो ओल्नी गांवीं धर्मोपदेशक झाला. ‘अमेझिंग ग्रेस’ हें त्याचें जगप्रसिद्ध स्तोत्र तेथें १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठीं रचलेलें. तोंवरहि गुलामांच्या व्यापाराचा त्यानें जाहीरपणें निषेध केला नव्हता.

१७८८ सालीं, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनीं, त्यानें या व्यापाराविषयीं पुस्तिका छापली. आपण स्वतः त्या धंद्यांत होतों याची लाज आणि कबुलीस झालेला उशीर, दोन्ही तींत त्यानें लिहिलीं. स्वभाव हळूहळू पालटतो, हें ऐकावयास गोड लागतें. पण त्या विलंबाची किंमत न्यूटननें मोजली नाहीं, ती जहाजाच्या तळाशीं असलेल्यांनीं मोजली. हा आक्षेप ख्रिस्ती मनुष्यानें टाळूं नये, आणि माझ्या मतें न्यूटननेंहि तो टाळला नाहीं. नुसता पश्चात्ताप मांडून तो थांबला नाहीं; माणसें किती दाटीनें निजवीत, स्त्रियांवर काय प्रसंग येत, हें पाहिलेलें त्यानें लिहून दिलें, व त्याच वर्षीं प्रिव्ही कौन्सिलपुढें साक्षहि दिली. पाय पुढें करावयाचा तो असा, सर्वांच्या देखत.

१८०७ च्या मार्चमध्यें हा व्यापार बंद करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनें केला. न्यूटनची दृष्टि तोंवर जवळजवळ गेली होती. २१ डिसेंबर १८०७ रोजीं तो वारला. वसाहतींतील गुलामांच्या मुक्ततेचा कायदा होण्यास मात्र १८३३ साल उजाडावें लागलें.