आवडीचा हिरवा टँक

"आलाच आहेस तर रविवारी टँक धुवायला मदत कर," असं ताई म्हणाली आणि मी उडालोच. ताई राहते चेन्नईजवळच्या आवडीला. गावाचं नाव आवडी असलं, तरी आपल्या आवडीनिवडीशी त्याचा काही संबंध नाही हं! तिथे सैन्यासाठी रणगाडे बनवण्याचा मोठा कारखाना आहे. विजयंता रणगाडा तिथेच तयार व्हायचा. त्यामुळे टँक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, सांगा बघू!

निघाली गच्चीवरची पाण्याची टाकी. चेन्नईत टाकीला टँक म्हणतात आणि देवळासमोरच्या तळ्यालाही टँकच.

पण हा टँकही रणगाड्यासारखाच हिरवा होता, फक्त आतून. झाकणाला मोठी चीर गेली होती. माझा भाचा आत डोकावला आणि म्हणाला, "मामा, शेवाळ चिरेच्या बाजूलाच का? पलीकडे तर काहीच नाही." पोरगं हुशार! टाकी काळी असते ती उजेड आत जाऊ नये म्हणून. चिरेतून ऊन आलं आणि शेवाळाची चंगळ झाली. पाणी, उजेड आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू एवढ्यावर ते स्वतःचं जेवण स्वतः शिजवतं. त्याला ना मूळ, ना खोड, ना पान. फूल तर नाहीच.

शेवाळावर बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. शेवाळाच्या बऱ्याच जाती अंगाभोवती चिकट थर करतात, म्हणजे चटकन सुकायला नको. पावसाळ्यात आपण अंगणात सपशेल आपटतो ते याच चिकट थरावरून.

खाली अंगणातल्या उघड्या हौदात आणखी एक प्रकार होता, हिरव्या केसांचा गुंता. आम्ही तो चिमूटभर उचलून काचेच्या ग्लासात पाण्यात सोडला आणि ग्लास उन्हात ठेवला. थोड्या वेळाने ग्लासभर बुडबुडे! पण थांबा, काचेला चिकटलेले बुडबुडे मोजायचे नाहीत. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा अशी सुटते. बघायचे ते हिरव्या तारांमधून वर येणारे. त्यांत शेवाळाने सोडलेला ऑक्सिजन असतो. पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण निम्मा समुद्रात तरंगणारे असेच बारके जीव तयार करतात. भाच्याने लगेच एक मोठा श्वास घेतला आणि "थँक्यू" म्हणाला. कोणाला, ते त्यालाच ठाऊक.

माझं सगळ्यात लाडकं शेवाळ मात्र वेगळंच आहे. त्याचं नाव व्हॉल्व्हॉक्स. साचलेल्या गोड्या पाण्यात गरागरा फिरणारा हा हिरवा गोळा फार तर मोहरीच्या दाण्याएवढा, आतून पोकळ. त्याच्या कवचात शेकडो, कधी कधी हजारो पेशी असतात. प्रत्येकीला दोन बारीक शेपट्या. त्या वल्ह्यांसारख्या हलतात आणि गोळा उजेडाकडे निघतो. डच संशोधक लेवेनहूक यांनी आपल्या भिंगातून हे गोळे पाहिले आणि १७०० साली त्यांचं वर्णन लिहिलं.

गंमत पुढेच आहे. आईच्या पोटात छोटे गोळे वाढतात, पण त्यांच्या शेपट्यांची टोकं आतल्या बाजूला! मग पोहणार कसं? तर गोळ्याला एक भोक राहिलेलं असतं. त्या भोकातून अख्खा गोळा उलटा होतो, आपण मोजा उलटतो तसा. शेपट्या बाहेर येतात आणि भोक मिटतं. नंतर आई फुटते आणि पोरं पाण्यात पसार.

या व्हॉल्व्हॉक्सच्या दक्षिण भारतातल्या भाऊबंदांचा अभ्यास चेन्नईतच झाला, तेव्हाच्या मद्रासमध्ये. तो केला प्राध्यापक एम. ओ. पी. अय्यंगार यांनी, आणि १९३३ साली छापलाही. भारतात शेवाळांचा अभ्यास त्यांनी असा रुजवला की त्यांना या शास्त्राचे जनक म्हणतात. ओल्या मातीवर वाढणारं एक शेवाळ त्यांना सापडलं, तर त्याला त्यांनी आपल्या इंग्लंडमधल्या गुरूंचं, फ्रिट्श यांचं, नाव दिलं: फ्रिट्शिएला. आपल्या गुरुजींचं नाव शेवाळाला द्यायचं, आणि गुरुजींनी खूश व्हायचं!

दुपारी शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजी, वाटीत काहीतरी थरथरणारं घेऊन आल्या. दुधाच्या पांढऱ्या वड्या. "कडल पासी," त्या म्हणाल्या. तमिळमध्ये कडल म्हणजे समुद्र आणि पासी म्हणजे शेवाळ! आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो ते हेच. लाल रंगाच्या समुद्री शेवाळापासून ते बनतं. तमिळनाडूच्या दक्षिणेला रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका समुद्रात बुड्या मारून असलं शेवाळ गोळा करतात.

याच चायना ग्रासमुळे डॉक्टरांची एक मोठी अडचण सुटली होती. १८८१ च्या सुमारास जर्मनीत जंतूंचे अभ्यासक रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते पाणी पाणी व्हायचं. तिथल्या एका डॉक्टरांची बायको, फॅनी हेसे, घरी चायना ग्रासची जेली करायची. तिने तेच वापरून बघायला सुचवलं. ते एकदा घट्ट झालं, की पुन्हा वितळायला जवळजवळ उकळत्या पाण्याइतकी उष्णता लागते. प्रयोगशाळांत आजही जंतू त्याच्यावरच वाढवतात.

चेन्नईच्या त्या उकाड्यातही पाट्टींच्या वड्या अगदी ताठ उभ्या होत्या. भाच्याने एक उचलली, वास घेतला आणि हळूच विचारलं, "मामा, ही आपल्या टाकीतली नाही ना?"