जिफचे बिल आणि पीएनजीचा जन्म

१९९४ च्या डिसेंबरअखेरीस, ऐन नाताळच्या दिवसांत, अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह आणि युनिसिस या कंपन्यांनी जाहीर केले, की जिफ चित्रे हाताळणारे सॉफ्टवेअर विकायचे तर यापुढे परवाना शुल्क भरावे लागेल. जिफ कॉम्प्युसर्व्हनेच १९८७ मध्ये आणले होते. पण चित्र दाबून लहान करण्याची त्यातली एलझेडडब्ल्यू ही पद्धत पेटंटखाली होती आणि ते पेटंट युनिसिसकडे होते. सात वर्षांत जिफ सगळीकडे रुळले होते. सगळी घडी बसल्यावर पैसे मागितले की नाही म्हणायची सोय उरत नाही. पेटंटबद्ध स्वरूपांचा खरा धोका मला यातच दिसतो.

उत्तर मात्र लगोलग आले. ४ जानेवारी १९९५ रोजी टॉमस बूटेल यांनी नव्या, मुक्त स्वरूपाचा पहिला आराखडा मांडला. कितीतरी प्रोग्रॅमर आपणहून कामाला लागले आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्या स्वरूपाला, म्हणजे पीएनजीला, मान्यता दिली. जिफची २५६ रंगांची मर्यादाही त्यात सुटली.

या मंडळींची काळजी किती बारीक होती, ते पीएनजी फाइलच्या पहिल्या आठ बाइट्समध्ये दिसते: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यातले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे. बाकीचे पाच पहारेकरी. तेव्हा काही यंत्रणा बाइटमधला आठवा बिट गाळून टाकत. तसे झाले की १३७ चे ९ होतात आणि बिघाड तिथेच कळतो. ओळ संपल्याची खूण प्रत्येक प्रणालीत निराळी, त्यामुळे फाइल पाठवताना ती परस्पर बदलली जाई. १३-१० ची जोडी आणि शेवटचा एकटा १० अशी बदलाबदल उघडी पाडतात. डॉसवर कुणी चित्र चुकून मजकूर म्हणून उघडले, तर २६ पाशी ते दाखवणे थांबते.

व्हिडिओत इतके सरळ जमले नाही. एच.२६४ या प्रचलित व्हिडिओ पद्धतीमागे शेकड्यांनी पेटंटे आहेत. गूगलने २०१० मध्ये ऑन२ ही कंपनी घेऊन तिची व्हीपी८ ही व्हिडिओ पद्धत मोफत खुली केली, तरी २०१३ मध्ये पेटंटांचे परवाने देणाऱ्या एमपीईजी एलएशी करार करावा लागला. एच.२६४ नंतर आलेल्या एचईव्हीसीसाठी तर एकाहून अधिक ठिकाणी शुल्क मागितले जाऊ लागले. तेव्हा २०१५ मध्ये गूगल, मोझिला, सिस्को, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन, इंटेल, मायक्रोसॉफ्ट एकत्र आले आणि २०१८ मध्ये एव्ही१ हे खुले व्हिडिओ स्वरूप बाहेर पडले. एव्हिफ ही त्याचीच स्थिरचित्रांची शाखा. एव्ही१ आल्यावर सुमारे वर्षभरातच सिस्वेल या कंपनीने त्यावरही पेटंटांचा दावा लावला.

मराठी विकिपीडियावर चित्रफीत घालणाऱ्याला हे सगळे प्रत्यक्ष भेटते. विकिपीडियाच्या चित्रफिती जिथे ठेवतात, ते विकिमीडिया कॉमन्स एमपी४ घेत नाही, कारण त्यात सहसा एच.२६४ असते. २०१४ मध्ये एमपी४ घेण्याचा प्रस्ताव आला, तो तिथल्या स्वयंसेवकांनी फेटाळला. मोबाइलवर टिपलेली पालखी आधी वेबएमसारख्या मुक्त स्वरूपात बदलून मगच चढवावी लागते. नवख्याला हा खटाटोप जाचतो, पण मला तो रास्त वाटतो. ती चित्रफीत उद्या कुणी आपल्या संकेतस्थळावर, शाळेच्या संगणकावर किंवा स्वतः लिहिलेल्या प्लेअरमध्ये दाखवली, तर परवान्याचा कागद मागायला कुणी येऊ नये, एवढ्यासाठीच तो आहे.