कबड्डीत हरवतो तो माणूस

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या सह्याद्रीतील डोंगराळ तालुक्यांत फुटबॉलला लागणारे शंभर मीटरचे सपाट मैदान सहजी सापडत नसले, तरी पुरुषांच्या कबड्डीला १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद एवढी जागा पुरते, आणि चुकीची किंमत वसूल करण्यात हा खेळ फुटबॉलहून अधिक निष्ठुर आहे. फुटबॉलमध्ये गमावलेला चेंडू पुढच्याच क्षणी हिसकावून घेता येतो. कबड्डीत चेंडूच नसल्याने संघ माणूस गमावतो. चढाईपटूची पकड झाली, की प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, पकडला गेलेला खेळाडू बाहेर बसतो आणि प्रतिस्पर्ध्याचा आधी बाद झालेला एक खेळाडू पुन्हा मैदानात येतो; म्हणजे गुणफलकावर एकाने वाढलेले अंतर संख्याबळात दोघांचे असते.

चढाई ३० सेकंदांची, आणि तेवढ्यात बचावाचा सारा मेळ पणाला लागतो. कोपरारक्षक घोटा धरण्यासाठी झेपावतो, त्याच क्षणी मध्यरक्षकाने पुढे येऊन मध्यरेषेकडची वाट अडवायची असते. झेप घाईने घेतली गेली आणि मदत उशिरा पोहोचली, तर चढाईपटू दोघांनाही ओढत मध्यरेषा गाठतो. टाळ्या त्याच्या ताकदीला मिळतात, गुण मात्र बहुधा बचावातील विसंवादाने बहाल केलेले असतात. माणसे घटली, की हातात हात धरून केलेली साखळी तुटते, आणि सगळेच बाद झाले, तर लोण चढून दोन जादा गुण जातात. नियमांनी दुबळ्यालाही एक वाट ठेवली आहे: मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेली पकड ‘अव्वल पकड’ ठरून तिला एक जादा गुण मिळतो, त्यामुळे आघाडीवरील संघाची बेफिकीर चढाई महागात पडते.

प्रो कबड्डी लीगच्या १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात हे गणित उघड दिसले. अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखालील पुणेरी पलटणकडून पंकज मोहितेने पूर्वार्धाच्या अखेरीस एकाच चढाईत चार गुण आणले. पण त्या चढाईचे मोल गुणांपेक्षा मोठे होते, कारण हरियाणा स्टीलर्सचा विरळ झालेला बचाव सावरण्याआधीच, उत्तरार्धाच्या आरंभी, त्यांच्यावर लोण चढले. पलटणने पहिले विजेतेपद मिळवले ते २८-२५ असे, अवघ्या तीन गुणांनी.